न खायचा गोड वाटाणा

आमच्या घरी सलग दोन वर्षं लाखोरी खाल्ली गेली. पुस्तकात तिला लाखोळी म्हणतात. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान उभा असतो, पायाखालचा चिखल ओला असतो, तेव्हाच तिचं बी फेकून द्यायचं; धान कापला की ती आपली आपण वर येते. तिला नांगर लागत नाही की पाणी लागत नाही. त्यामुळे धान बुडाला तरी लाखोरी बुडत नाही, आणि त्या दोन वर्षांत धान बुडाला. आम्ही सकाळी लाखोरीचं वरण खाल्लं, संध्याकाळी लाखोरीच्याच पिठाची भाकर. खाल्लं सगळ्यांनी, पण बाबा राबायचे जास्त म्हणून खायचेही जास्त. दुसऱ्या उन्हाळ्यात ते एका सकाळी खाटेवरून उठले ते दोन्ही पाय एकमेकांत अडकल्यासारखे चालू लागले. नागभीडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हे लाखोरीनं झालं, आता काठी घ्या. बाबांनी काठी घेतली आणि आईनं बांधी घेतली.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. तिथून नागपूरच्या कॉलेजापर्यंत कसा पोचलो ते सांगत बसत नाही. वसतिगृहाची भांडी घासली आणि पुस्तकं दुसऱ्याची वाचली, एवढ्यात ते येतं. वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पहिला, आमच्या गावात पहिला, आणि आजूबाजूच्या पाच गावांत चौकशी केली तर तिथेही पहिलाच निघालो. हे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा सांगायला नको. तरी सांगेनच.

निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या सरांनी मला घरी बोलावलं. सर वनस्पतीशास्त्र शिकवायचे. त्यांची बायको वारली होती आणि ते अंगणाचं घर सोडून एका माडीवरच्या दोन खोल्यांत राहायला गेले होते. त्यांनी औषधाची एक जुनी पत्र्याची डबी काढली. आत बारीक, गोल, काळपट तपकिरी बी होतं. सर म्हणाले, "हे हिचं आहे. स्वीट पी. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या एका म्हाताऱ्या मडमेनं दिलं होतं. तेव्हापासून दर वर्षी ती लावायची आणि दर वर्षी बी धरायची. बाजारात आता मोठ्या फुलांच्या नव्या जाती मिळतात, त्यांना वास नाही. याला आहे." मग म्हणाले, "दोन वर्षं मी लावलंच नाही. बी म्हातारं होत चाललंय. चाळीस उरलीत. वीस तुम्ही या डबीतच घेऊन जा, वीस मी कुंड्यांत लावून बघतो. जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात मूठभर बी परत आणून द्या."

त्यांनी एका चिठ्ठीवर इंग्रजीत सूचना लिहून दिल्या. निक, सोक, सो. चार पानं आली की पिंच. आधार द्या. बस. मी चिठ्ठी वाचली, मान हलवली आणि सगळं समजलं असा चेहरा केला. पदवी मिळून चार दिवस झालेले, न समजून कसं चालेल?

घरी आलो तर नोकरीचा पत्ता नव्हता. मास्तरकीसाठी अर्ज टाकले होते आणि मी ओसरीवर बसून होतो. बाबांनी माझं नाव टाकून दिलं होतं. ते मला 'बीयस्सी' म्हणायचे. "ओ बीयस्सी, पानी आन." "अगा बीयस्सी, बकरी सुटली, पाह्य." दसरा झाला, रात्री गार पडू लागल्या, तशी मी डबी काढली आणि आईला म्हणालो, घरामागच्या बाडीतली कुंपणाकडची एक ओळ मला पाहिजे.

"काय लावतं?" आईनं विचारलं.

इथं माझी पहिली चूक झाली. स्वीट म्हणजे गोड आणि पी म्हणजे वाटाणा, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ऐटीत सांगितलं, "गोड वाटाणा."

संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की नागपूरहून गोड वाटाणा आलाय. शेजारची मामी, म्हणजे आमच्या कुंपणापलीकडे राहणारी आईची मैत्रीण, दुसऱ्याच दिवशी येऊन बसली. "आमाले बी दे जो एक वाटी. साखर टाका लागते का त्याच्यात?"

मी सांगितलं, हा खायचा नाही. विषारी असतो. फुलासाठी असतो.

मामीनं आईकडे पाहिलं. आईनं खाली पाहिलं. "गोड बी हाय, वाटाना बी हाय, अन् खायचा नाई," मामी म्हणाली. "मंग नाव काऊन असं ठेवलं?"

"इंग्रजांनी ठेवलं," मी म्हणालो.

"म्हनूनच गेले ते," बाबा खाटेवरून म्हणाले.

निक म्हणजे बियाच्या सालीला चाकूनं बारीक खाच पाडायची, सोक म्हणजे भिजवायचं, सो म्हणजे पेरायचं, हे मला येत होतं. प्रयोगशाळेत केलं होतं. मी ओसरीवर बसून एकेक बी चिमटीत धरून खाच पाडू लागलो. आई दारात उभी राहून बघत होती. तिनं जन्मात हजारो मुठी बी फेकलं असेल, एकाही बियाला चाकू लावला नव्हता. "अगा, तू त्याचं पोट फाडून अंकुर काढून राह्यला का?" ती म्हणाली. "जरा दम धर ना. त्याच्या मनानं येईल ते." मी तिला बियाच्या सालीवर चार वाक्यं ऐकवली. तिनं ती पूर्ण ऐकून घेतली आणि मग म्हणाली, "अठरा झाले. दोन खाटेखाली घरंगले, ते उचल."

वीसपैकी चौदा उगवली. दोन मामीच्या कोंबडीनं नेली. बारा राहिली. अंकुर वर आले आणि माझ्या लक्षात आलं की हे मी आधी पाहिलेलं आहे. तोच चपटा देठ, तीच जोडीजोडीनं पानं, तसाच सुतासारखा तणावा. लाखोरीच. वर्गात शिकलो होतो की दोघी एकाच कुळातल्या, पण कुळ पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या बाडीत पाहणं वेगळं. बाबा काठी टेकत कुंपणापर्यंत आले, वाकून पाहिलं आणि परत गेले. त्या दिवशी त्यांनी मला बीयस्सी म्हटलं नाही.

चार पानं आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, पिंच. आता पिंच म्हणजे चिमूट, हे मला शाळेपासून पाठ होतं. चिमूटभर मीठ, चिमूटभर हळद. पण चिमूटभर काय, ते सरांनी लिहिलं नव्हतं. विसरले असतील, म्हातारं माणूस. मी तर्क केला आणि चुलीतली राख घेऊन प्रत्येक रोपाच्या बुडाशी मोजून एकेक चिमूट टाकली. आईनं विचारलं तर म्हणालो, शास्त्र आहे.

त्याच आठवड्यात सरांचं कार्ड आलं. कुंड्यांतलं एकही बी उगवलं नव्हतं. "आता जे आहे ते तुमच्याकडे आहे," एवढंच शेवटी लिहिलं होतं. मी ते इंग्रजी कार्ड आईबाबांना मराठी करून वाचून दाखवलं. सरांच्या बायकोबद्दल आधी सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हंजे थे बाईचं हाय." दुसऱ्या दिवशी आईनं कुंपणाच्या आतून बोरीचे काटे लावलेले दिसले. मामीची कोंबडी तिकडून परत गेली.

मग मला चांद्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. जाऊन येऊन तीन दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो, हातातली पिशवी ठेवायच्या आधी बाडीत गेलो. बाराही रोपांचे शेंडे खुडलेले. एकूणएक. वीतभर खुंट उभे होते, वर काही नाही.

आई चुलीजवळ बसली होती. तिच्या सुपात ते कोवळे शेंडे होते. ती निवडत होती.

मी काय बोललो ते लिहीत नाही. आवाज मामीच्या अंगणात गेला एवढं खरं, कारण मामी लगेच आली.

"भाजीले खुडले," आई म्हणाली. "तू म्हनला वाटाना हाय. वाटान्याचे शेंडे खातेत, लाखोरीचे बी खातेत."

"मी सांगितलं होतं, खायचं नाही म्हणून!"

"दाने खायचे नाई म्हनला तू. शेंड्याचं कोन बोललं?"

मी सूप उचललं आणि सगळं उकिरड्यात नेऊन पुरलं. परत आलो तर आई तशीच बसलेली. मग ती हळूच म्हणाली, "अन् भाजीसाठीच नाई खुडले. ते नुसते उंच जाऊन राह्यले होते, सुतासारखे. खुडल्याशिवाय लाखोरी फुटत नाई. बाईचं बी हाय म्हनते, वाढलं पायजे ना."

मला ते पटलं नाही. तिला शास्त्र कुठून येणार, असंच मला वाटलं, आणि तसं मी म्हणालोही. बाबांनी खाटेवरून काठी आपटली. "बीयस्सी," ते म्हणाले, "तुह्या मायनं या लाखोरीवर तुले मोठं केलं."

मी जेवलो नाही. सरांना पत्र लिहिलं. लपवून उपयोग नव्हता. मी घरी नसताना आईनं सगळे शेंडे खुडले, बी आता धरेल असं वाटत नाही, मला क्षमा करा. बाकी सगळं तुमच्या चिठ्ठीप्रमाणे केलं होतं, चार पानं आल्यावर चिमूटभर राखही टाकली होती, हेही लिहिलं. माझी बाजू मांडायला नको का?

आठ दिवसांनी उत्तर आलं. सरांनी पहिल्यांदाच मराठीत लिहिलं होतं. बहुधा माझ्या इंग्रजीवरचा त्यांचा विश्वास उडाला असावा. "पिंच म्हणजे चिमूट नव्हे. पिंच म्हणजे शेंडा खुडणे. चार पानं आल्यावर शेंडा खुडावा म्हणजे बगलेतून फुटवे येतात, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मातोश्रींनी ते अगदी बरोबर केलं आहे, थोडं उशिरा. त्यांना माझा नमस्कार सांगा. राखेनं अपाय नाही."

कार्ड हातात घेऊन मी बाडीत गेलो. प्रत्येक खुंटाच्या बगलेतून तीन-तीन, चार-चार फुटवे निघाले होते. ते चार दिवसांपासून निघत असणार; मी रागानं तिकडे फिरकलोच नव्हतो. पाणी कोण घालत होतं ते विचारायची गरज नव्हती.

कार्ड वाचून दाखवावंच लागलं. आईनं दोनदा वाचायला लावलं. मग मामीला हाक मारली आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलं. "म्हंजे तुह्या सराचं इंग्रजी मले समजलं," ती म्हणाली, "तुले नाई समजलं."

"हाव ना," मामी म्हणाली, "तुले बी एक कागद आनून देऊ का वो, गोल सिक्क्याचा?"

त्यानंतर महिनाभर बाबा आईला बीयस्सी म्हणत होते.

मी बांबूच्या काटक्या रोवल्या, वेल त्यांवर चढले. संक्रांत झाली आणि पंधरा दिवसांत पहिलं फूल उमललं. लहानसंच. वरची पाकळी तांबूस जांभळी, खालच्या निळसर. लाखोरीचं फूलही निळं असतं. आई म्हणाली, "लाखोरीच हाय. लग्नाले निंगाली एवढंच." आणि वास! सकाळी दार उघडलं की ओसरीवर यायचा. मोहाच्या फुलाचा वास आम्हाला माहीत होता, तो डोक्यात चढतो. हा चढत नव्हता, नुसता बसून राहायचा. मामी रोज येऊन कुंपणाशी उभी राहायची आणि म्हणायची, "गोड हाय बापा. आता समजलं, कुठी गोड हाय ते." एकदा बाबांनी स्वतः एक फूल तोडलं, हुंगलं आणि कानाच्या मागं लावून दिवसभर बसले. लाखोरीच्या जातीची कोणतीही गोष्ट त्यांनी हातात घेतल्याचं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मार्चात ऊन तापलं, शेंगा पिवळ्या पडू लागल्या. मी म्हणालो, पूर्ण वाळल्या की दुपारी तोडू. आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढचं वाक्य गिळलं. "दुपारी हात लावशील तं फटफट फुटतील अन् दाने मातीत," ती म्हणाली. "लाखोरी दवात उपडतेत." आम्ही दोघं पहाटेच्या दवात, शेंगा ओलसर असताना, एकेक करून तोडल्या आणि जुन्या लुगड्यावर पसरल्या. ऊन वर आलं तशा त्या खरंच फटफट फुटल्या, पण लुगड्यावर.

एप्रिलात मी छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं नागपूरला गेलो. सरांनी दिलेली तीच पत्र्याची डबी बरोबर होती. सरांनी झाकण उघडलं, वास घेतला. बियाला वास नसतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग त्यांनी विचारलं, "आईंनी स्वतःसाठी ठेवलं का?"

ठेवलं होतं. मडक्यात, राखेत मिसळून, फडक्यात बांधून. राख शेवटी कामाला आली.

सरांनी वीस बिया मोजून दिल्या होत्या. मी डबी काठोकाठ भरून परत दिली. पुढच्या हिवाळ्यात ते बी नागपूरला सरांच्या बहिणीच्या अंगणात फुललं आणि आमच्या बाडीतही फुललं. मला मास्तरकी मिळाली. शेंडे खुडायचं काम मात्र आईकडेच राहिलं.