पिशवीसकट लावलेलं झाड

गेल्या वर्षी तालुक्याच्या वृक्षारोपणात आम्ही सगळे बातमीदार आमदारांच्या तोंडाकडे बघत होतो. नवी आलेली मानसी तेवढी खड्ड्यात वाकून बघत होती.

“साहेब, रोपाची पिशवी काढायची राहिली,” ती म्हणाली.

नारळ फुटला होता, टाळ्याही वाजून गेल्या होत्या आणि रोप काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट मातीत गेलं होतं. दर वर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड का लावावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. मानसीने रोप उपसलं, पिशवी फाडली आणि ते पुन्हा लावलं.

तिने आधी वनस्पतिशास्त्र शिकून मग पत्रकारिता केली. मी नुसतीच पत्रकारिता शिकलो. कोण, कुठे, कधी, का, हे विचारायला मी चुकत नाही. पण मिळालेलं उत्तर खरं की थाप, हे कळायला मला आणखी कोणाला तरी फोन लावावा लागतो. पंगत वाढायला शिकलेल्या माणसाला भाजी करपलीय हे वासावरून कळू नये, तसं आमचं झालंय.

गेल्या वर्षीचं रोप चक्क जगलं, म्हणून यंदा शेजारी नवा खड्डा खणावा लागला. आमदारांनी आल्या आल्या विचारलं, “त्या पिशवीवाल्या मॅडम आल्यात ना?” मग त्यांनी स्वतःच्या हातांनी पिशवी फाडली आणि कॅमेऱ्यांसमोर उंच धरली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत आमदार आणि पिशवी झळकले.

रोप कुठल्याच फोटोत नव्हतं. ते तेव्हा मानसी खड्ड्यात लावत होती.