सातपुते सरांचा तरवड

आमच्या शेवगावच्या कॉलेजात बॉटनीला माणसं तीनच. हेड सातपुते सर, लॅब सांभाळणारे रज्जाकभाई आणि मी. माणसं तीन, पण किस्से इतके साचलेत की एकाने सुरू केला की दुसऱ्याचा चहा गार होतो. त्यातले निम्मे तरवडाचे.

तरवड म्हणजे आपलं माळावरचं झुडूप. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी पावसाळा सरता सरता पिवळाधमक फुलतो. सरांची एकच तक्रार होती. "परदेशी झाडं कॉलेजच्या बागेत तोऱ्यात उभी, आणि आपला तरवड गेटबाहेर!" रिटायर होण्याआधी तो बागेत फुललेला बघायचा, एवढंच त्यांचं मागणं.

*

एकदा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक आलेले. समोर मुलगा पाथर्डीकडचा, घरी शेरडं. त्याला विचारलं, "तरवड कसा ओळखशील?"

"शेरडं समदं खात्यात सर, ह्याला तोंड लावत न्हाईत."

"बरं. आणखी?"

"पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, चपटी शेंग. पानाच्या बुडाशी कानावानी बारकं पान. सालीनं कातडं कमावत्यात. काडीनं म्या सकाळीच दात घासले."

परीक्षक आमच्या सरांकडे वाकून म्हणाले, "याला शिकवलं कोणी हो?"

"शेरडांनी," सर म्हणाले. "आम्ही फक्त हजेरी घेतो."

*

एप्रिलातल्या फील्ड ट्रिपला टोपीखाली तरवडाचा पाला ठेवायची सरांची सक्ती. ऊन लागत नाही म्हणे. मी तेव्हा नवीन होते, मुकाट्याने ओढणीखाली पाला घेतला. परतताना पंचवीसजण तसेच एसटीत चढलो. कंडक्टरने सगळ्यांच्या डोक्यांकडे एक नजर टाकली आणि अदबीनं सरांना विचारलं, "देव कोनचा म्हनायचा?"

सर गंभीरपणे म्हणाले, "तरवडोबा."

कंडक्टरने हात जोडले. मग थोडा पाला मागून घेतला आणि स्वतःच्या टोपीत घातला.

*

बागेत तरवड लावणं मात्र सोपं नव्हतं. पहिल्यांदा माळावरून उपटून आणला. मूळ खोल गेलेलं, ते मधेच तुटलं. आठवड्यात झाड गेलं.

मग सरांनी बी लावलं. टरफल टणक, म्हणून पॉलिश पेपरवर घासलं, रात्रभर भिजवलं. रोपं छान वर आली आणि एके दिवशी सगळी माना टाकून पडली. चौकशी केली तर काय, सकाळी रज्जाकभाई पाणी घालत होते, दुपारी सर आणि संध्याकाळी मी. एकमेकांना कुणीच बोललो नव्हतो. तीन बॉटनीवाल्यांनी माळावरचं झाड पाण्यात बुडवून मारलं!

"लई लाड झाले सर," रज्जाकभाई म्हणाले. "ह्याच्या आज्यानं तरी कदी एवढं पानी बघितलं हुतं का?"

सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं. रिटायरमेंटला दोनच वर्षं उरली होती.

*

तिसऱ्या खेपेला नियम ठरला, पाणी कुणीच घालायचं नाही. सर रोज यायचे, हात मागे बांधून रोपासमोर उभे राहायचे आणि निघून जायचे. मे महिन्यात एकदा ते पाण्याची बाटली घेऊन वाफ्यापाशी घुटमळताना दिसले. रज्जाकभाईंनी मागून जाऊन टोपण उघडून दिलं. "तुमी प्या, सर."

*

तरवड जगला. खांद्याएवढा झाला. सरांच्या निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा फुलला आणि सर त्याच्याभोवती फेऱ्या मारत राहिले. प्राचार्यांनी जाहीर केलं, उद्या पाहुण्यांना आधी तरवड दाखवायचा, मग सत्कार.

दुसऱ्या दिवशी सगळे बागेत गेलो. झाडावर एक फूल नव्हतं. नुसता पाला.

वॉचमन चाचरत म्हणाला, "पहाटंच एक बाई आल्त्या. घटाच्या माळंला पायजेत म्हनल्या. आज घट बसायचे, मंग न्हाई कसं म्हनू?"

सरांनी भाषण दोन वाक्यांत आटोपलं. मी आणि रज्जाकभाई त्यांना घरी सोडायला गेलो. देवघरात घट बसला होता आणि वर पिवळीधमक माळ.

"दरसाल माळावरनं तुम्हीच आणून देता," सातपुते काकू म्हणाल्या. "या वर्षी तुमचं स्वतःचं झाड फुललं. पहिली माळ देवीला नको?"

सरांनी घटाला हात जोडले. मग म्हणाले, "एखादी डहाळी उरलीय का?"

परडीत एक उरली होती. सरांनी ती तिथंच वर्तमानपत्रात दाबून ठेवली. वाळवून जाड कागदावर चिकटवलेला तो नमुना आता आमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात आहे. खाली सरांच्या अक्षरात लिहिलंय:

तरवड. ठिकाण, कॉलेजची बाग. नमुना गोळा करणाऱ्या, सौ. शकुंतला सातपुते.