दिवसाला एकच दिवस

मामानं जमीन घेतली, ही बातमी बस डेपोत आधी फोडली ती स्टोअरकीपरनं. "काय सांगू तुम्हाला, काय सांगू! कुणाला पत्ता लागू दिला नाही पठ्ठ्यानं!" नाकात बोलणाऱ्या ड्रायव्हरनं त्यावर शिक्का मारला, "अहो, मी ह्याच कानांनी ऐकलं. 'निघतो, भोपळ्याला पाणी घालायचंय,' म्हणाला." दुपारपर्यंत त्या जमिनीत विहीर खणून झाली, सुट्टी होईस्तोवर विहिरीवर पंप बसला. शेवटी डेपो मॅनेजरनंच मामाला गाठलं. "काय हो, नोकरी सोडताय की काय?"

मामा मोजकं बोलतो. "छोटंसंच आहे, साहेब."

"छोटं म्हणजे केवढं?"

मामानं तळहात पुढे केला. सगळे म्हणाले, बघा, एवढा जमीनदार झाला तरी माणसाला गर्व नाही.

खरं तर मामानं अगदी मापात सांगितलं होतं. शेत तळहाताएवढंच होतं, कारण ते फोनमध्ये होतं.

मामाचं डेपोतलं काम म्हणजे चाकांचे नट तपासायचे. पहिली बस सुटायच्या आधी तो लांब दांड्याची हातोडी घेऊन रांगेतून निघतो. एका बसला चाळीस नट, अशा तीस बस. घट्ट नट 'टण्ण' म्हणतो, सैल नट 'थड्'. थड् आलं की पाना लावायचा, नाही आलं की पुढे. बावीस वर्षं हेच. भाची, म्हणजे हे लिहिणारीच, समोरच्या घरात राहते आणि नकलांपायी गल्लीत बदनाम आहे. तिला टण्ण आणि थड् दोन्ही हुबेहूब काढता येतात. मामाचं चप्पल ओढत येणं, खाकरणं आणि कशालाही "हं, बघू" म्हणणंही येतं. मामाला तेवढं मात्र आवडत नाही.

मामी गेली तेव्हा लेक नववीत होती. तेव्हापासून घरात दोघंच. दोन वर्षांपूर्वी लेकीला लांब, दोन दिवसांच्या प्रवासावर नोकरी लागली. जाताना तिनं आपला जुना फोन बापाच्या हातात दिला. त्यात तिचा खेळ होता: चार वाफे, एक गाय, निळ्या छपराचं घर. "बाबा, मी येईपर्यंत पाणी घालत जा हं," असं म्हणून ती हसली. मामा हसला नाही. म्हणाला, "हं, बघू."

मामा त्या खेळात रमायच्या आधी तिचे रविवारचे फोन कसे असत, ते भाची दोन्ही आवाजांत करून दाखवायची.

"बाबा, जेवलास?"

"जेवलो. तू?"

"जेवले. बाकी?"

"बाकी काय... ठीक."

मग दोन्हीकडून नुसता पंख्याचा आवाज. मामा फोन कानाला तसाच धरून बसायचा. ठेवायचा मात्र नाही.

आता मामाकडे बाकी पुष्कळ होतं. कुठल्या वाफ्यात मुळा धरला, गाय दूध का देईना, भोपळ्याला किती दिवस राहिले. लेक तिकडून खिदळायची, "बाबा, गाईला नुसता चारा घालून चालत नाही रे, रोज गोंजारावं लागतं!" दुसऱ्या दिवसापासून मामा गाईला अंगठ्यानं गोंजारू लागला.

भाचीनं एकदा तो खेळ खेळून पाहिला आणि जांभया देऊन देऊन तिचा जबडा दुखला. खणा, पेरा, पाणी घाला, झोपा. उठा, पुन्हा पाणी. एका बैठकीत आठवडाभराचे दिवस उरकता येत होते, पण मामा रोज एकच दिवस खेळायचा. डेपोतून यायचा, चहा प्यायचा, एका दिवसाचं पाणी घालून फोन ठेवून द्यायचा.

"मामा, दिवसभर तिकडे ठोकठोक, घरी आल्यावर पुन्हा तेच रटाळ. यात मजा कसली?"

मामा चहा फुंकत राहिला. "तिकडे बाराशे नट ठोकले तर काय दिसतं? काही नाही. बस जाते, बस येते. काही झालं नाही, म्हणजे काम चांगलं झालं. इथं चौथ्या दिवशी मुळा वर येतो. दिसतो."

मग भाचीनं हुकमाचं पान टाकलं. "तुला एक सांगू? खेळ उघडला नाही ना, की तिथला वेळ थांबतो. महिनाभर हात लावू नकोस, एक पान वाळणार नाही. उगाच मरतोयस. आता कळलंय ना, आठ दिवसांत सोडशील. लाव पैज!"

"हरलीस तर?"

"तू म्हणशील ते."

"महिनाभर माझी नक्कल बंद."

"कबूल!" तिला वाटलं, जिंकलेच. मामाच्या मिशा हसत होत्या, ते तिनं तेव्हा मनावर घेतलं नाही.

आठवा दिवस रविवार होता. फोन आला तेव्हा भाची पैज वसूल करायला मामाच्या शेजारीच बसली होती. लेकीची रजा याही खेपेला नामंजूर झाली होती. तिसऱ्यांदा. मामानं "बरं, बरं" केलं. मग म्हणाला, "तुझ्या दारापाशी सूर्यफूल पेरलंय आज. अकरा दिवस लागतात."

"अकरा?"

"हो. तोवर जमेल?"

पलीकडे पंखा फिरत राहिला. "बघते बाबा. पुन्हा अर्ज टाकते."

फोन ठेवून मामानं खेळ उघडला आणि निळ्या घरापाशी जाऊन पाणी घातलं. भाचीला राहवेना. "अरे, पण वाळत नाही ते!"

"माहीत आहे. पहिल्याच महिन्यात तापानं पडलो होतो, तीन दिवस उघडलं नव्हतं. होतं तसंच होतं सगळं." त्यानं ओल्या मातीकडे जरा वेळ पाहिलं. "वाळत नाही, खरंय. पण वाढतही नाही ना गं."

भाची पैज हरली. 'हं, बघू' बंद, टण्णसुद्धा बंद. म्हणूनच तोंडानं सांगायचं ते असं लिहून काढावं लागलं. बंदी उठायला अजून पंचवीस दिवस आहेत. सूर्यफुलाला सहा.