बाबांच्या कमरेचं मीटर

माझे सासरे आयुष्यभर शाळामास्तर होते, पण त्यांना खरा अभिमान होता तो जनगणनेच्या ड्यूटीचा. यवतमाळच्या आसपासच्या वस्त्या त्यांनी उन्हातान्हात पायी पालथ्या घातल्या होत्या. दाराला कुलूप दिसलं की कागदावर ‘घर बंद’ असा शेरा मारायचा, असा नियम होता. हे दोन शब्द लिहायचे त्यांच्या अगदी जिवावर येत. म्हणून ते संध्याकाळी पुन्हा त्याच दारात जाऊन उभे राहत. "माझ्या हातून एक माणूस सुटला नाही," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

नोव्हेंबरात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ओटावाला आले आणि त्याच महिन्यात टीव्हीचं रेटिंग मोजणाऱ्यांचा फोन आला. आमचं घर म्हणे नमुना म्हणून निवडलं गेलं होतं. मी नाहीच म्हणणार होते. एक तर नोकरी, त्यात मुलीचं पोहणं, त्यात दारातला बर्फ फावड्याने उपसणं, आणि आता हे कोण करणार? पण बाबांनी समोरून खूण केली. मोजणारा दारात आला की त्याला परत पाठवायचं नाही, हा त्यांचा धर्म.

एक हसरी मुलगी खोका घेऊन आली. सहा महिने राहणार म्हणजे घरातलेच, म्हणून तिने पाहुण्यांसकट सगळ्यांना एकेक मीटर दिलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठं, कमरेला अडकवायचं. सकाळी उठलं की लावायचं, झोपताना चार्जरवर ठेवायचं. ते काम कसं करतं हे तिने नीट सांगितलं असणार. मी मात्र तेव्हा कानात हेडफोन घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसले होते, तिच्याकडे बघून मान डोलवत होते आणि बाबांना म्हणाले, "काही नाही हो बाबा, तुम्ही काय बघता ते त्याला कळतं." पुढचा सगळा घोळ या एका वाक्याचा, आणि तो माझा.

बाबांनी मीटर पँटच्या पट्ट्याला बरोब्बर समोर लावलं. बाजूला लावा म्हटलं तर म्हणाले, "बाजूनं त्याला टीव्ही कसा दिसेल?"

बघायचं काय, हेही त्यांनी ठरवून टाकलं. शेजारचे म्हातारे गृहस्थ एकदा कुंपणावरून सांगून गेले होते की आमच्या गावचा बर्फावरच्या हॉकीचा संघ लोक हल्ली पुरेसा बघत नाहीत, सगळे टोरँटो नाहीतर मॉन्ट्रियलचं लावून बसतात. झालं. मास्तरांना कच्चा विद्यार्थी सापडला. सामना सात वाजता असायचा आणि बाबा पावणेसातला हातपाय धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर हजर. शिवाय एक वही आणवली. तारीख, सामना, निकाल, प्रेक्षक असे रकाने पट्टीने आखले. यंत्राचा काय भरवसा, कागद पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आणि टीव्हीचा आवाज बंद.

त्याला कारण होतं. त्या वेळी सासूबाई आत गरम पोळ्या करत असायच्या. ओट्यावरून टीव्ही दिसत नाही, मध्ये भिंत आहे. त्यांना हॉकी बघवायची नाही, "मेली हाणामारी", पण ऐकायला मात्र फार आवडायची. इंग्रजी समालोचन त्यांच्या डोक्यावरून जाई. त्यामुळे बाबा सोफ्यावर बसून त्यांच्यासाठी स्वतःचं समालोचन करत.

"निघाला, निघाला, सात नंबरचा निघाला! चकती काठीला चिकटलेली. दोघांना चकवलं. आणि पडला! उठला. अरे, परत पडला! पंचांनी शिट्टी मारली. दुसऱ्याला दोन मिनिटं वर्गाबाहेर उभा केला."

"काहून? काय केलं त्यानं?" आतून प्रश्न.

"काठीनं पाय अडवला."

"मग बरोबरच केलं पंचांनी. आता काय होऊन राहिलं?"

मी मुलीला घेऊन घरी यायचे तेव्हा दारातच हा आवाज कानावर पडायचा. जॅकेट काढायच्या आधीच मला हसू फुटायचं. बाहेर उणे वीस आणि आत एक म्हातारा ‘चकती गेली हो गेली’ म्हणून ओरडतोय. त्या हिवाळ्यात मी जितकी हसले तितकी कॅनडात आल्यापासून हसले नव्हते.

जानेवारीत मीटरवाल्यांचा फोन आला. बाई गोड बोलल्या. तुमच्या सासऱ्यांचं मीटर रोज दिवसभर वापरलेलं दिसतं, पण दोन महिन्यांत त्यांनी टीव्ही पाहिल्याची जवळपास नोंदच नाही. मीटर कार्यक्रमाच्या आवाजातली एक खूण ऐकतं, माणसाला ती ऐकू येत नाही. टीव्ही म्यूट तर करत नाही ना? महिनाभर बघू, नाहीतर त्यांचं मीटर परत घ्यावं लागेल.

मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मीटर पट्ट्यावरून काढलं आणि तळहातावर ठेवून बघत राहिले. "म्हणजे दोन महिने घर बंद," एवढंच म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या देशात त्यांना मत नाही, नोकरी नाही, रस्त्यात ओळखून हाक मारणारं कोणी नाही. या एका डबीत आपण मोजले जातोय, या भरवशावर तो माणूस रोज इस्त्री करत होता.

"बाबा, टीव्हीचा व्हॉल्यूम थोडा ठेवू ना, आणि त्याच्यावरून तुम्ही कमेंटरी करा."

"दोघं एकदम बोलले की वर्गात कोणालाच काही कळत नाही," ते म्हणाले.

पुढचे तीन सामने बाबांनी टीव्हीचा आवाज लावून, तोंड मिटून पाहिले. आतून "काय होऊन राहिलं?" आलं की ते ओठांवर बोट ठेवत. भिंतीपलीकडून ते बोट सासूबाईंना कुठून दिसणार! त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचं सोडलं. तिसऱ्या सामन्यात आमचा संघ शेवटच्या मिनिटाला जिंकला आणि बाबांनी फक्त मान हलवली. मीटर खूश होतं. मला मात्र ते उचलून बर्फात भिरकावून द्यावंसं वाटत होतं.

चौथा सामना शनिवारचा होता. नवराही घरी होता. पहिला गोल होऊन गेला आणि आतून लाटण्याचा आवाज थांबला. सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि थेट टीव्हीसमोर उभ्या राहिल्या.

"काहून बोलत नाही हो तुम्ही? बरं नाही वाटत का?"

"अगं, सरक. ते मशीन टीव्हीचा आवाज ऐकते. आवाज नसला तर मी मोजल्या जात नाही."

"मशीनला सांगायला टीव्हीवरचे ते दोघं हायेत," सासूबाई म्हणाल्या. "मला कोण सांगते?"

 बाबा सोफ्यावर सरकले आणि शेजारची उशी उचलली. "इथं बस. कानात सांगतो."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली ही बाई त्या दिवशी पहिल्यांदा हॉकीसमोर बसली, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. टीव्ही आपला बोलत राहिला आणि बाबा त्यांच्या कानाशी वाकून हळूच सांगू लागले. दोन मिनिटांत हळूच-बिळूच सगळं विसरून ओरडायलाच लागले.

"पण चकती कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"ती काय काळी."

"एवढीशी? अहो, मी तर पोळपाटाएवढी समजत होती!"

नवरा हसता हसता गालिच्यावर आडवा झाला. मुलगी म्हणाली, "आजी, वेट, यू नीड युअर मीटर!" आणि धावत जाऊन ड्रॉवरमध्ये नोव्हेंबरपासून पडलेलं आजीचं मीटर घेऊन आली, तिच्या निऱ्यांपाशी अडकवलं. पोळ्या मी लाटल्या. त्यातली एक हुबेहूब ऑस्ट्रेलिया होती. पण कोणी नाव ठेवलं नाही, कारण ताटाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. आमचा संघ हरला आणि घरात दिवाळी असल्यासारखा गोंगाट होता.

बाबांचं मीटर कोणी परत नेलं नाही. मे महिन्यात ते दोघं गेले आणि मी बेसमेंटमधल्या त्यांच्या खोलीतल्या चादरी काढायला उतरले. उशीखाली वही होती. विसरले की मुद्दाम ठेवली, मी अजून विचारलेलं नाही. पलंगावर बसून मी ती उघडली.

पहिल्या दिवसापासून प्रेक्षकांच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या मास्तरी अक्षरात लिहिलं होतं: दोन. मी व ही. रोज तेच, नात येऊन बसली असेल तर तीन. भिंतीपलीकडे पोळ्या करणारी, टीव्हीकडे एकदाही न पाहिलेली बायको त्यांनी कधीच वगळली नव्हती. फक्त जानेवारीतल्या त्या तीन सामन्यांपुढे, म्हणजे मशीनने त्यांना मोजलं तेव्हा, लिहिलं होतं: एक.

मग तो शनिवार आला. निकाल: हरलो. प्रेक्षक: पाच.

मी बोटांवर मोजलं. बाबा, सासूबाई, नवरा, मुलगी. चारच होतात. पाचवी मी, जी तो सगळा सामनाभर स्वयंपाकघरात टीव्हीकडे पाठ करून ऑस्ट्रेलिया लाटत होते.