वैजूची सलवार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? – तुम्ही वैजूला ओळखत नाही, म्हणून असेल.

वैजू माझी धाकटी बहीण. सिन्नरला एका कंपनीत नोकरी करते. दरवर्षी आम्ही दोघी नवरे-मुलं घरी ठेवून फिरायला जातो. माझं नाशकात छोटंसं बुटिक आहे, त्यामुळे कपडे मी शिवते आणि मिरवते ती. आणि काय मिरवते! गेल्या वर्षी उदयपूरला लाल लेहरियाचा अनारकली, कानात खांद्याला टेकणारे झुमके – दुकानदार भाव सांगायचाच विसरला. लहानपणी जिच्यावर असं काही गुदरलंय, तिने फिक्या रंगात, मान खाली घालून जगावं असं लोकांना का वाटतं? वैजूला नटायला आवडतं. तिला तसं बघून मला फार बरं वाटतं. आणि लगेच माझी मला लाज वाटते.

काय गुदरलं ते सांगते. – सांगते, जरा थांबा.

आम्ही मखमलाबादचे, घरची फुलशेती. आईचे एक चुलतभाऊ लासलगावहून कांद्याचा ट्रक घेऊन सुरतेला जायचे आणि परतताना आमच्याकडे मुक्काम करायचे. येताना माझ्यासाठी कापड आणायचे. मी दहावीत, शिवण नुकतं शिकलेले, कपड्यांसाठी वेडी. असलं जॉर्जेट आमच्या बाजारात बघायलाही मिळायचं नाही. शिवाय त्यांनी कबूल केलं होतं – दिवाळीच्या सुट्टीत तुला सुरतेचा कापडबाजार दाखवतो. ते – बघा, अजूनही मी त्यांना 'ते'च म्हणते.

एका दुपारी वैजू माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. तिसरीत होती. म्हणाली, "ताई, मला फ्रॉक नको. सलवार शिव." का गं, विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "मामांचा हात मला आवडत नाही."

मला कळलं का? कितीतरी वर्षं मी स्वतःला बजावत आले, की नव्हतं कळलं. पण कळलं होतं. दहावीतल्या मुलीला कळतं. आई पडवीत झेंडूच्या माळा ओवत बसली होती, हाकेच्या अंतरावर. मी उठले नाही. भीती वाटली, हे खरं. पण त्या भीतीच्याही आधी – अगदी आधी – माझ्या डोक्यात काय आलं? आता सुरत राहिली.

मी तिला सलवार शिवून दिली. त्यांनीच आणलेल्या कापडातून. आणि दिवाळीत आई आणि मी त्यांच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून सुरतेला जाऊन आलो. मजा आली. तेही सांगायलाच हवं – मला खूप मजा आली.

पुढे त्यांचा धंदा बसला आणि येणं थांबलं. माझ्यामुळे नाही.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी वैजू एका समुपदेशक बाईंकडे जायला लागली, आणि त्या उदयपूरच्या सहलीत, सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, तिने मला सगळं सांगितलं. शांतपणे, पराठ्याचे बारीक तुकडे करत. मी रडायला लागले, तर तीच माझी समजूत काढत बसली. म्हणाली, "घरात तू एकटीच माझी होतीस गं. मी काही न सांगता तू मला सलवार शिवून दिलीस." मग म्हणाली, "चूक माझीच आहे. तेव्हा कुणाला तरी सांगायला हवं होतं. मी बोललेच नाही ताई."

तिला आठवत नाही. ते वाक्य ती विसरून गेलीय – केवढीशी होती! आणि न बोलल्याचा दोष इतकी वर्षं स्वतःला देत आलीय. एका वाक्यात मी तिला मोकळं करू शकले असते. मी तिचा हात धरला, "लहान होतीस तू," म्हणाले, आणि आणखी एक चहा मागवला.

ती बोलली होती. नीट, कळेल असं बोलली होती. मी ऐकलं होतं.