डबीवरची आक्का

नमुन्याची डबी बर्फाच्या पेटीत ठेवताना आप्पा तिच्याशी बोलत. माणसाची असली तर "बसा आक्का", "बसा अण्णा". गुराची असली तर "सरक गं जरा." डबीत काय असायचं ते सांगायला नको, आतड्यातल्या परजीवींवर काम करणाऱ्यांकडे दुसरं काय गोळा होणार? पण शी-शेणाचा एवढा मानपान ठेवणारा माणूस तुम्हीही पाहिला नसेल.

बेळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. माझ्या संशोधनासाठी निपाणीकडच्या खेड्यांतून नमुने तेच आणत. कानडी घरात कानडीत मागायचे, मराठी घरात मराठीत. "लाजायचं काय त्यात? राजाला बी चुकलं न्हाय," हे ठरलेलं वाक्य. बायका पदराआड हसत आणि डबी देत. मी गेले की मात्र दारं लागायची.

आमचा परजीवी म्हणजे जिआर्डिया. सूक्ष्मदर्शकाखाली माणसातला आणि वासरातला अगदी सारखा दिसतो. जनुकं तपासली की प्रकार वेगळे निघतात: काही गुरांतच राहणारे, काही माणसांत आणि जनावरांत दोन्हीकडे वावरणारे. आप्पांनी हे एका वाक्यात बसवलं होतं. "आडनाव येक, घरं येगळी."

एका घरात चार वर्षांची नात जुलाबांनी पार वाळली होती. आप्पांनी तिचा, आजीचा आणि गोठ्यातल्या गायीचा नमुना आणला. आजीचं नाव लक्ष्मी, गायीचंही लक्ष्मी. आप्पांनी एका डबीवर 'लक्ष्मीआक्का' लिहिलं, दुसरीवर नुसतं 'लक्ष्मी'. रजिस्टरात उतरवताना मी 'आक्का' गाळली. "इथं मानपान नको, आप्पा," मी म्हणाले. ते "बरं म्याडम" म्हणाले, पण पटलं नव्हतं.

पुढे गाय-माणूस हा रकाना भरताना माझ्याकडून दोघी लक्ष्म्यांची अदलाबदल झाली. त्यामुळे तपासणीत नातीचा प्रकार गायीत निघाला आणि गुरांचा प्रकार आजीत! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी माझी गत. मोठा शोध लागल्याच्या आनंदात मी त्या घरी फोन करून पोरीचा आजार गायीकडून आल्याचं सांगूनही टाकलं. आजीच्या मुलाने ऐन दुभती गाय येत्या बाजारात विकायची ठरवली.

आप्पांना कळलं तसे ते शीतपेटीकडे गेले आणि दोन डब्या माझ्यासमोर ठेवल्या.

"म्याडम, नंबर बघा. नातीबरोबर जुळलेली ही आक्का हाय. तुमी आक्का गाळली, आन् गाय निघाली बाजाराला."

मी रजिस्टर उघडून नंबर ताडले; रकाना उलटाच भरला होता. आप्पांनी तिथूनच फोन लावला. "गाय सोडू नगंस रं. चूक आमची हाय." आमची, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं बसने माफी मागायला गेलो. गाय दावणीलाच होती. मी सगळं सांगितलं. मुलगा सुटल्यासारखा हसला, पण आजी मात्र नातीला मांडीवरून खाली ठेवून बाजूला सरकली.

"म्हंजे माझ्याकडनं आलं व्हय पोरीला?"

माझ्या तोंडून 'तसंच दिसतं' निघणार होतं. आप्पा आधी बोलले.

"दोघींत येकच हाय, एवढंच कागदात हाय, आक्का. कुणी कुणाला दिलं त्ये न्हाय. पाणी तर समद्यांचं येकच. डाक्टर देतील त्ये औषध समद्यांनी घ्यायचं, पाणी उकळून प्यायचं. आन् दोघी लक्ष्म्यांतली येक बी घरातनं हलवायची न्हाय."

आजी हसली. तिने पोरीला परत मांडीवर ओढलं. आप्पा म्हणाले ते शास्त्राच्या कसोटीलाही तंतोतंत खरं होतं. एवढी पदवी मिळवून मला ते वेळेवर सुचलं नव्हतं. पोरगी पुढे बरी झाली. त्या दिवशी आप्पा सोबत होते याबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानते.

निवृत्तीनंतर ते पिरनवाडीला मुलाकडे राहिले, आणि यंदा गेले. त्याच्या महिनाभर आधी दवाखान्यातून आलेल्या नमुन्यांत एक डबी त्यांची निघाली. चिठ्ठीवर नाव, वय, नंबर. बाकी काही नाही.

मी पेन काढलं, नावापुढे 'आप्पा' लिहिलं. विद्यार्थी बघत होते. तरी डबी पेटीत ठेवताना मी मोठ्याने म्हणाले, "बसा आप्पा."