मठ्ठ्याच्या रांगेतला सिद्धांतकार

सभ्य स्त्री-पुरुषहो, ‘सिद्धांतकार’ या भारदस्त शब्दाचा अर्थ मला अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका मराठी पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने-त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, मठ्ठ्याच्या रांगेत लागला, हे मी अत्यंत गांभीर्याने जाहीर करतो.

माझ्या पुढे एक दमलेले गृहस्थ ताटलीतला मसालेभात चमच्याने नुसता सारखा करत उभे होते. मठ्ठा वाढणाऱ्या काकूंनी विचारलं, “कुठे असता?”

“युनिव्हर्सिटीत. सिद्धांतकार आहे.”

“म्हणजे करता काय?”

“कृष्णविवरांबद्दल सिद्धांत मांडतो. प्रयोगवाले तो तपासतात.”

“मग निघाला का खरा?”

“माझे केस पिकले, पण अजून कुणी हात लावलेला नाही.”

“अगं बाई! आणि खोटा निघाला तर?”

चमचा थांबला. अख्खी रांग वळून बघेल अशा आवाजात ते म्हणाले, “खोटा निघू दे हो काकू, पण कुणीतरी तपासा!”